एकतीस जण

नारिनच्या रुग्णालयात जानेवारीत
शाई थिजते, म्हणून रजिस्टर मी पेन्सिलीने भरते.
सहाशे बारा माणसं.
मेंढपाळ, त्यांच्या बायका, एक शाळामास्तर,
आणि दोघी जुळ्या, ज्यांना
एकच क्रमांक हवा होता. दिला नाही.

प्रत्येकाच्या पोटावर गार जेली लावून
यंत्राने पाहिलं.
प्रत्येकाच्या दंडातलं रक्त
जुमागुल आपाच्या खोलीत गेलं.
प्रश्न एकच: यकृतात गाठ आहे का?
मेंढीच्या आतड्यातून कुत्र्याच्या तोंडी,
कुत्र्याच्या जिभेवरून मुलाच्या तळहाती
आलेली, दहा-दहा वर्षं
न दुखता वाढत राहणारी पाण्याची गाठ.

एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानी पडू नये
म्हणून दोन खोल्यांच्या मधे
तीन महिने मी भिंत होऊन बसले.

डॉक्टर एसेनकुल यंत्राच्या बाजूचे.
आपा, तीस वर्षं रक्त वाचणाऱ्या,
चहाच्या वाटीत बघत म्हणायच्या,
कानामागून आलं आणि तिखट झालं.

मग बिश्केकहून तिलेक आला,
कोवळी मिशी, भिजलेले बूट.
त्याने खिडकीच्या दवावर बोटाने
चार घरं आखली.
दोघंही ‘आहे’ म्हणाले: एकेचाळीस.
दोघंही ‘नाही’ म्हणाले: पाचशे चाळीस.
आणि बाहीने ती दोन्ही घरं पुसून टाकली.

मला धस्स झालं.
पाचशे एक्क्याऐंशी माणसं, त्यांचे बूट,
त्यांच्या पायांचा वास, त्यांनी आणलेला कुरुत,
एका बाहीत गेली.
तो म्हणाला, एकमत झालेल्यांकडून
दोघांतला फरक कसा कळणार?
भांडण जिथे आहे तिथेच बघायचं.

उरले एकतीस.
एकोणीस जणांत यंत्राला दिसलं, रक्ताला नाही.
बारा जणांत रक्ताला कळलं, यंत्राला नाही.
एकोणीस! एसेनकुल टेबलावर थाप मारून म्हणाले.

तिलेकने खिशातून एक सोम काढला.
एकतीस वेळा उडवा.
पुन्हा एकतीस वेळा. पुन्हा.
साधारण चार खेळ्यांत एकदा तरी
इतकी नाहीतर याहून मोठी तफावत
हे नाणंसुद्धा दाखवेल,
आणि नाण्याला यकृतातलं काही कळत नाही.

म्हणजे यंत्र सरस नाही?
तसं मी म्हटलं नाही. सरस आहे म्हणायला
पुरावा पुरत नाही, एवढंच.
ही दोन वाक्यं वेगळी आहेत, डॉक्टर.
डॉक्टरांना ती एकच वाटली.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं,
पण पोरा, खरं कोण बोलतं?
कसोटी लावायची तर दगड तरी खरा हवा.
तिलेक गप्प. मग हळू म्हणाला,
कोण जास्त वेळा ‘आहे’ म्हणतं, इतकंच या घरांत आहे.
खरं ज्याचं पोट उघडलं त्याचंच कळतं,
आणि उघडतात कोणाचं?
ज्याच्याबद्दल आधीच कोणी ‘आहे’ म्हटलेलं असतं.

सिर्गाकचं उघडलं. एकोणिसांतला.
गाठ होती, पण साधी, जन्मापासूनची,
निर्मळ पाण्याची. दोन महिने
घोड्यावर बसता आलं नाही त्याला.
पाचशे चाळिसांतलं कोणाचंच उघडलं नाही.
कोण उघडेल? का उघडावं?
ते हात हलवत बर्फातून घरी गेले.

तोक्तोबूबू, क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी,
बारांतली. रक्त ‘आहे’ म्हणतं,
पडद्यावर काहीच नाही.
दर महिन्याला येते, रजिस्टर उलटं बघून
स्वतःचं नाव शोधते, विचारते, ठरलं का?
तिच्यापुढे मी ‘हो’ लिहिलं नाही, ‘नाही’ही नाही.
पेन्सिलीचा एक ठिपका आहे,
दर खेपेला थोडा गडद होतो.

आज तिला सोडायला फाटकापर्यंत गेले.
तिचा कुत्रा बर्फात शेपटी आपटत थांबला होता.
त्याने माझा हात चाटला.
ती वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिले तो हात,
मग आत येऊन साबणाने धुतला,
दोनदा.